लहान तलावासाठी जुनी होडी घेताना

बेळगाव, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या मुलखाला समुद्र नाही. तथापि जाळ्यावर पोट भरणारी भोई आणि अंबिगेर कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घटप्रभेवरील हिडकलचा विस्तीर्ण जलाशय वगळला, तर पुष्कळांचा धंदा लहान तलावांवरच चालतो. काठावर उभे राहून पाग फेकणे निराळे आणि मधल्या खोल पाण्यात तंगुसाचे जाळे लावून कटला-रोहू धरणे निराळे. या दुसऱ्या कामास होडी पाहिजे. नवी घेण्याची ऐपत थोड्यांची. म्हणून जुनीचा शोध सुरू होतो, आणि तेथेच माणूस फसतो. फसवणूक केवळ पैशांची असती तर एक वेळ चालले असते.

या भागात हाताशी येणारे सर्वांत स्वस्त वाहन म्हणजे गुऱ्हाळातील जुनी काहील. कृष्णा-वारणेच्या काठी काहिलीत बसून पलीकडे जाणारी माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. काहील रुंद असते, तिला सांधे कमी असतात, म्हणून ती भरवशाची वाटते. परंतु ती मोडीत का निघाली, हे कोणी विचारीत नाही. वर्षानुवर्षे चुलवाणाची आच खाऊन तिचा तळ पातळ झालेला असतो. गुळासाठी जी निकामी ठरली, तीच पाण्यावर येते. शिवाय लोखंड पाण्याहून पावणेआठ पटींनी जड. काठावरून पाणी आत आले की काहील तळाशी जाते, आणि धरून राहावयास काही उरत नाही. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते, आणि पोहता न येणाऱ्यास तेवढाच आधार पुरतो. काहिलीवाचून इलाजच नसेल, तर तिच्या आत कडेने रिकामे, घट्ट बुचाचे डबे आवळून बांधावेत. वीस लिटरचा डबा सुमारे वीस किलो भार तोलून धरतो. शंभर किलोच्या काहिलीला असे पाच डबे तरी हवेत.

कोकणातून जुनी एकलाकडी होडी आणण्याचा मोह काहींना होतो. तिची किंमत कमी दिसते. पण आंबोलीचा घाट चढवून आणण्याचे भाडे तीत मिळवून पाहावे. खाऱ्या पाण्यातील किडीने आतून पोखरलेले लाकूड बाहेरून धड दिसते. आरीचे टोक तळाशी, विशेषतः सांध्यांजवळ, टोचून पाहावे. ते सहज रुतले तर लाकूड कुजले आहे. बोटाने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा, बद्द येऊ नये. विक्रीच्या आदल्या आठवड्यात डांबर फासलेली होडी तर संशयानेच पाहावी. मात्र उन्हात पडून वाळलेली फळ्यांची होडी पहिल्या दिवशी गळते म्हणून लगेच नाकारू नये. एक-दोन दिवस पाण्यात ठेवली असता फळ्या फुगून सांधे मिटतात. त्यानंतरची गळती हीच खरी गळती.

शांत, लहान तलावासाठी सर्वांत सोयीची आहे ती कानडीत हरिगोलु म्हणतात ती बांबूची गोल टोपलीनाव. तिचे गणित सोपे आहे. पाण्यावर टेकलेल्या प्रत्येक चौरस मीटरमागे दहा किलो ओझ्याने नाव एक सेंटिमीटर खाली बसते. दोन मीटर व्यासाच्या हरिगोलाचे क्षेत्र तीन चौरस मीटरांहून थोडे अधिक. दोन माणसे आणि ओले जाळे मिळून एकशेसाठ किलो धरले, तरी ती रिकामी असताना होती त्याहून पाचेक सेंटिमीटरच बुडेल. अरुंद होडी त्याच ओझ्याने याच्या दुपटीहूनही अधिक खाली जाईल. हरिगोल एकटा माणूस पाठीवर टाकून दुसऱ्या तलावावर नेऊ शकतो. नवख्याच्या हाती ती गरगर फिरते, ही तक्रार खरी. वल्हे बाजूने न मारता पुढून आपल्याकडे ओढावयाचे, हे चार दिवसांत साधते. हिडकलसारख्या उघड्या पाण्यावर मात्र वारा तिला हवी तिकडे नेतो, आणि जलाशयात बुडालेल्या झाडांचे खुंट तिचा तळ फाडतात.

जुनी हरिगोल पाहताना वरचे कापड वा प्लास्टिक पाहण्यात वेळ दवडू नये. ते बदलता येते. बांबू पाहावा. कामट्यांतून पिवळट पिठी झडत असेल तर सांगाडा पोखरला आहे. फायबरच्या होडीचा तळ तळहाताने दाबावा. तो लवला किंवा तारकेसारख्या चिरा दिसल्या, तर घेऊ नये. फायबरही स्वतः पाण्याहून जडच. तीत हवेचे बंद कप्पे आहेत काय, हे विचारावेच.

पैसे देण्यापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात. होडी गुडघाभर पाण्यात नेऊन तीत दोन माणसांच्या वजनाचे दगड ठेवावेत आणि दोन तासांनी आत किती पाणी साचले ते पाहावे. काठ पाण्यावर वीतभर तरी राहिला पाहिजे. मग दगड काढून होडी पाण्याने पुरती भरावी. ती तरंगते की तळाला टेकते, एवढेच पाहावयाचे. विकणारा या दुसऱ्या परीक्षेस हरकत घेईल, तर सौदा तेथेच सोडावा.

तलावाचा ठेका कोणाकडे आहे आणि परवाना मिळेल काय, याची चौकशी होडीच्या आधी करावी. नाही तर होडी दारात आणि पाणी दुसऱ्याचे, असा प्रकार होतो. घेतलेली हरिगोल काम नसताना सावलीत, दगडांवर पालथी ठेवावी. नुसत्या जमिनीवर ठेवल्यास वाळवी एका हंगामात बांबू खाते.