काळा कोयता, तांबडा गंज

तळकोकणातल्या आठवडा बाजारात लोहाराने मांडलेले कोयते पाहिले, तर पातं काळं दिसतं. उजळ असते ती फक्त धार. हा काळेपणा भट्टीतला. तापलेल्या पोलादावर हवेतल्या ऑक्सिजनने जी खपली धरते, तिच्यात मॅग्नेटाइट हे काळं ऑक्साइड बरंच असतं. अनेकजण घरी आणल्यावर ती पॉलिशपेपरने खरवडतात, पातं लख्ख करतात आणि पहिल्या पावसात तांब चढली की लोहाराला बोल लावतात. डाग आणि गंज यांत फरक न केल्याने चांगली हत्यारं वाया जातात. काळा डाग राहू द्यावा. तांबडा गंज एक रात्रही राहू देऊ नये.

आपल्याकडचे बरेच कोयते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून घडतात. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक, म्हणून पाणी दिल्यावर धार टिकते. क्रोमियम मात्र असलंच तर एक टक्क्याच्या आसपास. स्टेनलेसला ते किमान साडेदहा टक्के लागतं. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये तयार केलेल्या पोलादात ते १२.८ टक्के होतं. तेवढं असलं की पृष्ठभागावर न दिसणारा पापुद्रा आपोआप धरतो आणि ओरखडा पडला तरी भरून येतो. कोयत्याला असं कवच आपल्यालाच द्यावं लागतं.

गंजायला पाऊस अंगावर यावाच लागतो असं नाही. व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात लोखंडाचे नमुने बंदिस्त हवेत ठेवून पाहिले. हवेत सल्फर डायऑक्साइडचा अंश असेल, तर सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांपलीकडे गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो, असं त्याला आढळलं. स्वच्छ हवेत मात्र भरपूर दमटपणातही लोखंड फारसं बिघडलं नाही. ओल आणि मळ एकत्र आले की घात होतो. कोकणात हा मळ मिठाचा, म्हणजे खाऱ्या वाऱ्याचा आणि घामाचा. कमरेच्या आकडीत दिवसभर लटकणाऱ्या कोयत्याच्या वाट्याला दोन्ही येतात. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि आषाढ-श्रावणात किनाऱ्यावरची हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. त्यामुळे नुसता फडक्याने पुसलेला कोयता रात्रीतून पुन्हा ओलावतो. आधी गोड्या पाण्याने धुवावा, मग कोरडा पुसावा. गंजेल या भीतीने पाणीच न लावणं हा मला सर्वांत महाग पडणारा गैरसमज वाटतो.

ऐन, खैर, काजू यांच्या सालीत टॅनिन भरपूर. त्यांच्या ओल्या फांद्या तोडल्या की पात्यावर निळसर काळा रंग चढतो. टॅनिन आणि लोह यांचं ते संयुग. हिरडा आणि लोहापासून शाई करत, तिथेही हीच क्रिया. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा टॅनिनसाठीच कातडी कमावण्याच्या धंद्यात मोलाचा ठरला. वस्तुसंग्रहालयांतही जुन्या लोखंडी वस्तूंवर टॅनिक आम्लाचा हात देतात. हिरड्याचा गाळलेला काढा, तेलाचा अंश काढून टाकलेल्या पात्यावर दोन-तीनदा लावून दरवेळी वाळू दिला, तर सारखा काळा रंग धरतो. एवढ्याने गंज थांबत नाही, कारण हा थर सच्छिद्र असतो. पण त्याच छिद्रांत तेल मुरतं आणि टिकतं, ही त्याची खरी किंमत. कोकम, कैरी, चिंच यांच्या आम्लाने मात्र हा थर विरघळतो आणि खालचं पोलाद उघडं पडतं. तेव्हा पातं लगेच धुवायला हवं.

तेल कोणतं, यावर वाद पुष्कळ. नारळ, फणस कापायच्या कोयत्याला खोबरेल उत्तम. फणसाचा चीक चिकटू नये म्हणून पात्याला लावलेलं तेल दोन्ही कामं करतं. पण महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर खोबरेल खवट होतं आणि सुटी झालेली आम्लं लोखंडाला लागतात. तेव्हा पेट्रोलियम जेली किंवा मधमाशीचं मेण बरं. थर पातळ हवा. ओघळणाऱ्या तेलावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते. चामड्याच्या म्यानात किंवा ओल्या गोणपाटात कोयता ठेवून देऊ नये.

ठेवायची जागा मला तेलाइतकीच महत्त्वाची वाटते. पावसाळ्यातली २६ अंशांची, ९० टक्के दमट हवा ३४ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे व्हर्ननने दाखवलेल्या मर्यादेच्या खाली. चूल पेटत असलेल्या घरात तिच्यावरच्या माळ्यावर ही हवा फुकट मिळते. फक्त तिथे ठेवायच्या पात्यावर मेणाचा हात हवा, कारण धुरातही आम्लं असतात. चूल नसेल तर फ्रिजच्या मागची उबदार, कोरडी भिंत चालेल.

एक जागा सगळेच विसरतात, ती मुठीतली. लाकडात शिरलेलं पोलाद आतून गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि मूठ तडकते. तडकलेल्या मुठीचा कोयता हातातून सुटतो, तो कापणाऱ्याच्या पायावर. म्हणून मूठ हलू लागली की खिळे ठोकून भागवू नये. ती काढून आतला गंज घासावा, लाकूड उन्हात नीट वाळवावं आणि पोकळीत वितळलेली लाख भरून पुन्हा बसवावी.