बहुकॅमेरा थेट प्रक्षेपण आणि संगणकाची निवड

परिसंवाद, व्याख्यानमाला, लोककथनाचे कार्यक्रम यांचे एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी थेट प्रक्षेपण करण्याची प्रथा विद्यापीठीय विभागांत आता रूढ झाली आहे. त्यासाठी संगणक घ्यावयाचा झाला, म्हणजे ‘सर्वांत वेगवान प्रोसेसर कोणता?’ असा प्रश्न प्रथम विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रश्नाचे स्थान शेवटचे आहे. किती माहिती कोणत्या मार्गाने वाहावयाची आहे, याचा हिशेब आधी मांडावयास हवा. आणि त्याहीपूर्वी, चित्र प्रेक्षकासाठी हवे की अभ्यासकासाठी, याचा निर्णय व्हावयास हवा.

हा निर्णय केवळ सोयीचा नाही. व्याख्यात्यास पुन्हा पाचारण करता येते. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली घ्या. तिचा अन्य कोणत्याही भाषाकुलाशी संबंध सिद्ध झालेला नाही, आणि तिचे भाषिकही अत्यल्प उरले आहेत. अशा भाषेतील एखाद्या वयोवृद्धाचे कथन यंत्राच्या अडखळण्यामुळे तुटले, तर ते भरून येत नाही.

प्रथम प्रवाहाचे गणित पाहू. सर्वसामान्य पूर्ण एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूस १६ बिट आणि सेकंदास २५ चित्रे, म्हणजेच फ्रेम, धरल्यास एका कॅमेऱ्यातून सेकंदास सुमारे ८३ कोटी बिट बाहेर पडतात. चार कॅमेऱ्यांचा प्रवाह ३३२ कोटींच्या घरात जातो. याउलट सेकंदास ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट घेऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचा प्रवाह दर मार्गास केवळ साडेअकरा लाख बिट, म्हणजे एका चित्राच्या ७२०व्या भागाएवढा, असतो. भाषाभ्यासकास जे सर्वांत मोलाचे, तेच यंत्रास सर्वांत हलके असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता हा प्रवाह संगणकात शिरतो कसा, ते पाहावयाचे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० या मार्गाची नाममात्र क्षमता सेकंदास ४८ कोटी बिट आहे. त्यातून एका कॅमेऱ्याचे मूळ चित्रही जाऊ शकत नाही. म्हणूनच साधे वेबकॅम चित्राचे आधी संकोचन करून ते पाठवितात आणि ते उलगडण्याचा भार संगणकावर पडतो. २००८ च्या यूएसबी ३.० ची नाममात्र क्षमता ५०० कोटी बिट आहे. तथापि तिचा पाचवा हिस्सा संकेतनातच खर्ची पडतो आणि उरलेल्या ४०० कोटींतूनही व्यवस्थापनाचा वाटा जातो. चार कॅमेऱ्यांचे ३३२ कोटी बिट तिच्यात कागदावर मावतात, प्रत्यक्षात भरवशाने मावत नाहीत. शिवाय संगणकाच्या अंगावर चार यूएसबी जागा दिसल्या, तरी आत त्या एकाच नियंत्रकास जोडलेल्या असू शकतात. हब लावल्याने जागा वाढतात. वाट रुंद होत नाही.

म्हणून तीनचार कॅमेऱ्यांची चित्रे असंकोचित स्वरूपात एकाच संगणकात घ्यावयाची असतील, तर मदरबोर्डावर बसणारे, चार प्रवेशमार्गांचे कॅप्चर कार्ड हा अधिक विश्वसनीय उपाय होय. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसची एक मार्गिका सेकंदास सुमारे ७८७ कोटी बिट वाहते. चार मार्गिकांच्या कार्डास आपला प्रवाह सहज झेपतो. असे कार्ड बसवावयाचे, म्हणजे लॅपटॉप बाद होऊन डेस्कटॉप आला. केबलचाही विचार येथेच करावा. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरांपलीकडे बेभरवशाची ठरते. एसडीआय केबल एचडी चित्र सुमारे शंभर मीटरपर्यंत नेते. सभागृहाच्या मागील भिंतीशी कॅमेरा ठेवावयाचा असेल, तर हा भेद निर्णायक ठरतो.

आत आलेल्या चित्रांवर संगणक तीन क्रिया करतो: आवश्यक तेथे उलगडणे, एकत्र मांडणे आणि पुन्हा संकोचन करणे. मांडणीचे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्ड करते. संकोचनासाठी २००३ सालचे एच.२६४ हे प्रमाण आजही सर्वत्र चालते. हे संकोचन प्रोसेसरकडून करवून घेता येते. परंतु इंटेलने २०११ पासून आणि एनव्हिडियाने २०१२ पासून आपल्या चिपमध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडल देऊ केले आहे. त्या मंडलाकडे हे काम सोपविल्यास प्रोसेसर बराच मोकळा राहतो आणि मध्यम प्रतीचा प्रोसेसरही पुरेसा ठरतो. मात्र चारही कॅमेरे स्वतंत्र मुद्रित करून पाचवे मिश्रचित्र प्रक्षेपित करावयाचे, तर एकाच वेळी पाच संकोचने चालतात. आणि काही कार्डांवर उत्पादकाने या संख्येस मर्यादा घातलेली असते. खरेदीपूर्वी ती पाहून घ्यावी. रॅम १६ जीबी असली, म्हणजे या कामास सामान्यतः भागते.

मुद्रणाचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. प्रत्येक कॅमेऱ्यास सेकंदास ५ कोटी बिट ठेवल्यास चार कॅमेऱ्यांचे २५ मेगाबाइट होतात. ताशी ९० जीबी आणि सहा तासांच्या परिसंवादास ५४० जीबी. हा वेग साध्या हार्ड डिस्कलाही फारसा जड नाही. पण चार फाइली एकदम लिहिताना तिचे शीर्ष सारखे इकडून तिकडे धावते. म्हणून मुद्रणासाठी स्वतंत्र एसएसडी असावी आणि कार्यक्रम संपताच दुसरी प्रत काढावी.

यापुढील प्रश्न घड्याळाचा आहे, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक होय. प्रत्येक कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक आपापल्या स्फटिकाच्या तालावर चालतो. दोन स्फटिकांत दहा लाखांस पन्नास भागांचा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचे, म्हणजे साडेचार फ्रेमचे, अंतर पडते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेल्यास प्रेक्षकास ते जाणवू लागते. ओठांची हालचाल ऐकण्यावर प्रभाव पाडते, हे मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले आहे. शिवाय ‘काल’ आणि ‘खाल’ यांतील भेद ज्या अवकाशात घडतो, तो काही दशक मिलिसेकंदांचाच. एक फ्रेम मात्र ४० मिलिसेकंदांची. हातवारे, नजर आणि उच्चार यांचा परस्परसंबंध तपासावयाचा असेल, तर सरकलेले मुद्रण निष्कर्षच सरकवील. यासाठी सर्व ध्वनिमार्ग एकाच ध्वनियंत्रातून घ्यावे, कॅमेऱ्यांस शक्य तेथे समान कालसंकेत द्यावा, आणि काहीच नसेल तर आरंभी व अखेरीस सर्व कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवावी. दोन टाळ्यांमधील अंतर प्रत्येक फाइलीत मोजले, की सरक किती झाली ते कळते.

एवढे विवेचन झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळता येते. हेतू केवळ प्रक्षेपणाचा असेल, तर कॅमेऱ्यांची निवड व मिश्रण स्वतंत्र स्विचरवर करावे. त्यातून संगणकात एकच चित्र येते आणि चांगल्या स्थितीतील साधा लॅपटॉपही पुरतो. हेतू संशोधनाचा असेल, तर प्रत्येक कॅमेऱ्याने आपल्या कार्डावर स्वतंत्र मुद्रण करावे, हाही काटकसरीचा मार्ग आहे. त्यात प्रक्षेपण तुटले तरी सामग्री शाबूत राहते. घड्याळाची काळजी मात्र वर सांगितल्याप्रमाणे घ्यावी लागते. काही कॅमेरे अर्ध्या तासाने मुद्रण आपोआप थांबवितात, हेही आधी तपासावे. चारही चित्रे संगणकातच घेणे, मिसळणे आणि वेगवेगळी मुद्रित करणे अपरिहार्य असेल, तेव्हाच कॅप्चर कार्ड, समर्थ ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी असलेल्या डेस्कटॉपवर खर्च करणे समर्थनीय ठरते.

कोणताही मार्ग पत्करला, तरी इंटरनेटची जोडणी वाय-फायऐवजी केबलने घ्यावी. प्रक्षेपणास सेकंदास ६० लाख बिट लागत असतील, तर बाहेर पाठविण्याची क्षमता निदान त्याच्या दुप्पट असावी. यूपीएस असावाच. आणि चाचणी दहा मिनिटांची न घेता कार्यक्रमाच्या पूर्ण कालावधीची, त्याच सभागृहात, त्याच उकाड्यात घ्यावी. कारण तापलेला संगणक आपली गती आपणच कमी करतो आणि हा दोष बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या तासास प्रकट होतो.

तात्पर्य, साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढीच असते. ती कडी प्रोसेसर आहे, असे गृहीत धरून विभागाचा निधी त्याच एका भागावर वेचण्यापूर्वी कागदावर प्रवाहाचे चार आकडे मांडावे. ध्वनिग्राहक, एसडीआय केबल किंवा दुसरी डिस्क यांसाठी पैसा उरला, तर त्याचे फळ पुढील अभ्यासकांच्या हाती पडणाऱ्या सामग्रीत दिसेल.