आपल्यातल्या माणसाचे ऐकले जाते

‘एड्स टाळा’ असे भिंतीवर रंगवून लोकांची वागणूक बदलत नाही. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच आपल्या मैत्रिणींना निरोध वाटले, त्याचा वापर समजावला. डॉक्टरांना विचारायला लाज वाटेल ते मैत्रिणीला विचारता येते. यातूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली.

आज विद्यार्थ्यांच्या हाती व्हॉट्सॲप आहे. त्यावर माहिती पसरते, अफवा तर अधिकच! म्हणून संदेशासोबत १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक द्यावा. मित्र घाबरत असेल तर सरकारी रुग्णालयातील मोफत चाचणीला त्याच्यासोबत जावे. निकाल मात्र ग्रुपवर टाकू नये. संमतीशिवाय तो उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.