माथ्यावरची खोलगट सावली

इजिप्तमधल्या एडफूच्या होरस मंदिराचं प्रवेशद्वार सुमारे ३६ मीटर उंच. बुरुजांच्या भिंती वर जाताना किंचित आत कलतात, पण माथ्याशी एक गोल दगडी दांडा आडवा धावतो आणि त्याच्यावरचा दगड खोलगट वळण घेत बाहेर झेपावतो. या अंतर्वक्र घडणीला वास्तुकलेत कॅव्हेटो म्हणतात. मंदिर बांधलं इ. स. पू. २३७ ते ५७ या काळात. ही घडण तेव्हाच दोन हजार वर्षांहून जुनी झालेली होती.

ती आली कुठून? नाईलकाठची आरंभीची घरं लव्हाळ्यांच्या जुड्या बांधून, वर चिखल लिंपून उभी राहत. जुड्यांचे मोकळे शेंडे भिंतीवरून बाहेर झुकत. दगडात तेच आलं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो पटतो, कारण खोलगट भागावर उभी पानं कोरून रंगवलेली दिसतात आणि खालच्या दांड्यावर बांधलेल्या दोरीचे वेढेसुद्धा.

इजिप्तच्या उन्हात सपाट भिंत डोळे दिपवते. अंतर्वक्र पृष्ठभाग मात्र उजेड एकसारखा घेत नाही. वरच्या पट्टीखाली गडद, खाली येता येता विरळ, अशी सावली तिथे दिवसभर हलत असते. रंग न वापरता दगडाला इतकं बोलतं करणारी दुसरी घडण क्वचितच सापडेल.

इराणच्या पर्सेपोलिसमध्ये सम्राट दारियसच्या महालाच्या दारांवर हीच इजिप्शियन कॉर्निस, म्हणजे माथ्याची पुढे आलेली खोलगट पट्टी, आजही उभी आहे. सुसा इथल्या आपल्या शिलालेखात त्याने कामावरच्या इजिप्शियन कारागिरांचा उल्लेख केला आहे, त्यामुळे ही उसनवारी कशी झाली असेल याचं फार नवल वाटत नाही.

ग्रीकांनी खोलगट रेषा खांबाच्या पायथ्याशी नेली. अथेन्सच्या इरेक्थिऑनमध्ये दोन फुगीर कड्यांच्या मधे ती बसते. वरच्या कड्याची सावली तिच्यात पडते आणि दोन्ही कडी सुटी, ठसठशीत दिसतात.

नेपोलियनच्या १७९८च्या मोहिमेनंतर युरोपला इजिप्तचं वेड लागलं. लंडनच्या पिकॅडिलीत १८१२ साली इजिप्शियन हॉल उभा राहिला. १९२२मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि काही वर्षांतच त्याच शहरात कॅरेरास सिगारेट कारखान्याने तोच इजिप्शियन साज चढवला.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली पीओपीची कोव्ह, म्हणजे छताच्या कडेचं खोलगट वळण, या घराण्यातलीच, पण तिचं काम उलटं: सावलीच्या जागी एलईडीची पट्टी लपते आणि उजेड छतावर पसरतो. छत बुटकं असेल तर एकच वळण पुरे. तीन-चार थर चढवले की खोली दडपते. गच्चीवर भिंत आणि फरशीच्या सांध्यात गवंडी सिमेंटचा वाटा मारतो, तेही अंतर्वक्र वळणच. तिथे शोभेचा प्रश्न नसतो. कोपऱ्यात पाणी साचू नये, सांध्यातून झिरपू नये, एवढ्यासाठी तो गोलाई देतो. रुग्णालयांच्या फरशीची कड भिंतीवर तशीच वळवून चढवतात, म्हणजे कोपऱ्यात धूळ बसत नाही आणि पोछा सरळ फिरतो.