घडीची विजेची सायकल

महानगरात कित्येकांचे घर एका टोकाला, तर कामाचे ठिकाण दुसऱ्या टोकाला असते. मधले लांबचे अंतर आगगाडी झपाट्याने तोडते. परंतु घरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून कचेरीपर्यंत कसे जावे, हा प्रश्न उरतोच. येथे सायकल उपयोगी पडावी. पण लंडनच्या भुयारी रेल्वेत गर्दीच्या वेळी साधी सायकल नेता येत नाही. घडी केलेली सायकल मात्र नेता येते.

ही घडी साधण्याचा ध्यास अँड्र्यू रिची या इंग्रज अभियंत्याने घेतला. १९७५ च्या सुमारास त्यांनी लंडनमधील आपल्या राहत्या घरीच पहिले नमुने तयार केले. घरासमोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च होते. त्यावरून सायकलीला ‘ब्रॉम्प्टन’ हे नाव मिळाले. मोठ्या कारखानदारांनी तिच्याकडे पाठ फिरविली. पण रिची खचले नाहीत. ओळखीच्या माणसांनी आगाऊ दिलेल्या पैशांवर १९८१ मध्ये त्यांनी थोड्या सायकली घडविल्या. कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होण्यास मात्र १९८८ साल उजाडले.

या सायकलीची चाके अवघी सोळा इंची असतात. घडी करताना मागचे चाक प्रथम सांगाड्याखाली वळते. नंतर सांगाडा मधल्या बिजागरीवर दुमडून पुढचे चाक मागच्या चाकाशेजारी येते. शेवटी हँडल व बैठक खाली जातात. तेलकट साखळी दोन्ही चाकांच्या मध्ये झाकली जाते. त्यामुळे सायकल उचलणाऱ्याचे कपडे मळत नाहीत. लहानशा गोष्टीचाही केवढा विचार!

पुढे २०१७ मध्ये या सायकलीला विजेची जोड मिळाली. पुढच्या चाकाच्या मध्यभागी २५० वॉटची मोटर बसविण्यात आली, तर बॅटरी हँडलपुढे अडकविण्याच्या पिशवीत ठेवली गेली. स्वार पायडल मारू लागला, की मोटर त्याच्या बळात आपले बळ मिळविते. पाय थांबले, की तीही थांबते. वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर झाला, की तिची मदत बंद होते. ब्रिटनमधील कायद्याचीच तशी मर्यादा आहे. त्यामुळे चढावर दम लागत नाही. तरीही पायांना व्यायाम घडतोच.

अर्थात सोयीबरोबर भारही वाढतो. साधी घडीची सायकल बारा किलोच्या आसपास असते. विजेची सुमारे सतरा किलो भरते. जिना चढताना हा फरक हातांना चांगलाच जाणवतो. म्हणून बॅटरीची पिशवी काढून एका हातात आणि सायकल दुसऱ्या हातात घेण्याची सोय ठेवलेली आहे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. लिथियम बॅटरी सदोष असली, तिला मार बसला किंवा तिला न जुळणारे चार्जर जोडले, तर ती अतिशय तापून पेट घेऊ शकते. बंदिस्त डब्यात अशी आग लागली, तर क्षणात धूर कोंडतो आणि अनेकांच्या जिवावर बेतते. याच भीतीने लंडनच्या वाहतूक संस्थेने ३१ मार्च २०२५ पासून घडी न होणाऱ्या विजेच्या सायकलींना आपल्या गाड्यांत बंदी केली. घडी केलेल्या सायकलींना मुभा ठेवली. ही मुभा टिकणे बॅटरी नीट सांभाळणाऱ्यांच्या हाती आहे. यंत्र कितीही चतुराईने घडविलेले असो, ते वापरणाऱ्याने सावध राहिलेच पाहिजे.