घरासाठी हॉट टबची निवड

हॉट टब म्हणजे गरम पाण्याची, फवारे सोडणारी बैठी टाकी. बाथटबसारखे यातले पाणी रोज सोडून देत नाहीत. गाळून, निर्जंतुक करून तेच पुन्हा वापरतात. त्यामुळे खरेदीच्या किमतीइतकाच पुढचा खर्चही पाहावा लागतो.

पहिला प्रश्न वजनाचा. चौघांच्या, सुमारे २ मीटर लांब-रुंद टबमध्ये १,२०० लिटर पाणी धरले, तर टब आणि माणसांसह भार १,८०० किलोच्या घरात, म्हणजे दर चौरस मीटरला ४५० किलो होतो. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा भार धरते. म्हणून गच्चीवर टब बसवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला अनिवार्य. बंगल्याच्या अंगणात काँक्रीटचा पक्का चौथरा पुरतो.

दुसरा प्रश्न विजेचा. एवढे पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांवर नेण्यास सुमारे १८ युनिट लागतात; ३ किलोवॉटचा हीटर त्यासाठी सहा तास घेतो. नंतरचा खर्च उष्णता किती टिकते यावर ठरतो. हवा भरायचे टब स्वस्त असले तरी लवकर थंड होतात. जाड फोमचे अस्तर आणि घट्ट झाकण असलेला टब वीज वाचवतो. स्वतंत्र वायरिंग, अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवेच.

पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवून क्लोरीन नियमित तपासावे. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे. फवाऱ्यांची संख्या मोजण्यापेक्षा झाकण, फिल्टर आणि जवळची दुरुस्ती-सेवा पाहून घेतलेला टबच किफायतशीर ठरतो.