खिशांतील चावडी

पपईचें फळ थांबत नाहीं. कांदा चाळींत ठेवतां येतो, ज्वारी कणगींत राहते, तूर पोत्यांत भरून भावाची वाट पाहतां येते. परंतु पपईच्या हिरव्या सालीवर पिवळी रेघ उमटली कीं थोड्याच दिवसांत ती उतरविलीच पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यांतील शहादा तालुक्यांत हिंवाळ्याच्या सुमारास तोड जोरांत येते आणि मालमोटारी भरभरून पपई उत्तरेकडील राज्यांकडे रवाना होऊं लागते. व्यापारी परमुलुखाचा, फळ नाशिवंत आणि बागाईतदार एकेकटा. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे भाव कोणाच्या हातीं जाईल, हें सांगावयास अर्थशास्त्राचा पंडित नको. शेतकऱ्याच्या या एकटेपणावर मोबाइल फोन आणि त्यावरील समाजमाध्यमें यांनीं कांहीं उतारा दिला आहे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

नंदुरबार हा जिल्हा वयानें लहान. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन तो अस्तित्वांत आला. तापीकांठीं काळी कसदार जमीन. तेथें पपई, केळीं, ऊंस, कापूस आणि मिरची. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. तेथें अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत पावसाच्या भरंवशावर मका, ज्वारी आणि भगर. गुजरातच्या सीमेला लागून नवापूर. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, डोंगरांत भिली आणि पावरी, नवापूरकडे मावची, अशा अनेक बोली येथें नांदतात. याच जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिला ‘आधार’ क्रमांक देण्यांत आला. प्रत्येक माणसाची यंत्राच्या वहींत नोंद करण्याच्या प्रचंड उद्योगाचा श्रीगणेशा अशा रीतीनें या दूरच्या कोपऱ्यांत झाला. परंतु नोंद होणें निराळें आणि आपला शब्द चार माणसांपर्यंत पोंचणें निराळें.

प्रथम भावाची गोष्ट घेऊं. पूर्वीं आपल्याकडील बाजारांत रुमालाखालीं हात घालून आणि बोटें दाबून सौदे होत असत. भाव दोघांनाच कळे. शेजारीं उभा असलेला माल-धनी अंधारांतच राही. बाजार समित्यांच्या उघड लिलावांनीं हा अंधार पुष्कळसा हटविला. पुढें २०१६ च्या जुलै महिन्यांत महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मुक्त झाला आणि बांधावरच्या खरेदीला कायद्याची आडकाठी उरली नाहीं. शेतकऱ्याला मोकळीक मिळाली. पण बांधावर तो पुन्हां एकटा उभा राहिला. म्हणून शहाद्यास पपईच्या हंगामांत बागाईतदारांचे प्रतिनिधि आणि व्यापारी एकत्र बसून किलोचा भाव ठरवितात. मतभेद झाला तर तोड थांबते आणि पुन्हां बैठक होते.

या ठरलेल्या भावामागें बळ असतें तें सर्वांनीं तो पाळण्याचें. आणि तो पाळला जावयाचा तर सर्वांना एकाच वेळीं ठाऊक असावयास हवा. येथें व्हॉट्सॲपच्या ग्रूपचें काम सुरू होतें. बैठक उठते न उठते तोंच भाव शेंकडों खिशांत पोंचतो. बांधावर आलेला दलाल दोन रुपये कमी सांगूं लागला, तर शेतकरी त्याच्या देखत फोन उघडतो. भाव मला ठाऊक असणें ही माहिती झाली. तो माझ्या शेजाऱ्यालाही ठाऊक आहे, हें मला ठाऊक असणें, ही संघटना झाली. मात्र ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे आणि बागेंत फळ पिकूं लागलें आहे, त्याला गुपचुप कमी भावानें माल देण्यापासून कोणताही ग्रूप अडवूं शकत नाहीं. त्याला अडवील तो शेजारी. आणि तोही तेव्हांच, जेव्हां तो त्याची नड भागविण्यास तयार असेल.

दुसरें उदाहरण मिरचीचें. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ सर्वत्र प्रसिद्ध आहे. येथें ओली लाल मिरची लिलावांत घेऊन व्यापारी ती मोकळ्या मैदानावर पसरून वाळवितात. या वाळवणाच्या जागेस ‘पथारी’ म्हणतात. अवकाळी पावसाची एक सर आली कीं पथारीवरचा लाल गालिचा काळवंडतो, व्यापारी हात आंखडता घेतो आणि लिलाव बंद राहतात. अशा दिवशीं ‘आज लिलाव नाहीं’ हे तीन शब्द सकाळीं सहा वाजतां मिळाले, तर भाड्यानें ठरविलेली गाडी दारांतच थांबवितां येते. समाजमाध्यमाचा सर्वांत खरा उपयोग असा साधा असतो. त्यांत चमत्कार नाहीं. एक व्यर्थ खेप वांचते इतकेंच. परंतु लहान शेतकऱ्याच्या हिशेबांत एक खेप ही लहान रक्कम नव्हे.

तिसरा उपयोग ज्ञानाचा. अमेरिका खंडांतील लष्करी अळी २०१८ च्या मे महिन्यांत प्रथम कर्नाटकांत आढळली आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत येऊन मक्यावर तुटून पडली. ती ओळखावी कशी? तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनांत चार ठिपके असतात. हें वर्णन छापील पत्रकांत वाचून जें लक्षांत येत नाहीं, तें एका छायाचित्रानें येतें. पोंग्यांतील अळीचें चित्र काढून पाठविलें आणि त्याच संध्याकाळीं जाणत्याचें उत्तर आलें, म्हणजे मधला आठवडा वांचतो. आणि किडीच्या बाबतींत आठवडा म्हणजे पीक. शिवाय ज्यांना लिहितां येत नाहीं, किंवा ज्यांची बोली कधीं छापलीच गेली नाहीं, त्यांच्यासाठीं ध्वनिमुद्रित निरोपाची सोय झाली आहे. पावरी बोलणारा शेतकरी पावरींतच प्रश्न विचारतो. ग्रंथांच्या काळांत जो मुका होता, त्याला या यंत्रानें कंठ दिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु उत्तर देणारा जाणता कोण, हा प्रश्न येथेंच उभा राहतो. कांहीं ग्रूप शेतकऱ्यांनीं काढलेले, कांहीं कृषि विज्ञान केंद्रें व कृषिखात्यांतील अधिकारी यांच्या पुढाकारानें चालणारे, आणि पुष्कळसे बीं-बियाणें व औषधें विकणाऱ्या दुकानदारांचे वा कंपन्यांच्या प्रतिनिधींचे असतात. पुण्याची ॲग्रोस्टार ही कंपनी फोनवरून सल्ला देते आणि मालही विकते. जर्मनींत जन्मलेलें प्लँटिक्स पानाचें छायाचित्र पाहून रोगाचें नांव सुचवितें. विकणाऱ्यानें सल्ला देऊं नये, असें नाहीं. गांवचा दुकानदार पूर्वींपासून तो देतच आला आहे, आणि उधारी बुडूं नये म्हणून पुष्कळदां प्रामाणिकपणेंच देतो. पण ज्या ग्रूपवर ‘यंदा फवारणीची गरज नाहीं’ असें उत्तर कधींच येत नाहीं, तो ग्रूप चावडी नव्हे, तें दुकान होय. दुकानांत गर्दी असते, समाज नसतो. शहाणा शेतकरी ही पारख शिकला आहे. तो एकच प्रश्न दोन ठिकाणीं विचारतो आणि शेवटीं ज्यानें तें औषध मागच्या वर्षीं वापरलें, त्या शेजाऱ्याच्या शेतावर जाऊन येतो.

याहून मोठा धोका अफवेचा. नंदुरबारच्या शेजारीं, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत, राईनपाडा नांवाचें गांव आहे. १ जुलै २०१८ हा तेथें आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या दिवसांत फोनवरून सर्वत्र धांवत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांना जमावानें त्या दिवशीं ठार मारलें. ज्या यंत्रानें पपईचा भाव पोंचविला, त्याच यंत्रानें ही अफवा पोंचविली. आणि दोन्ही निरोपांचा वेग सारखाच होता. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें ढकलण्यास बंदी घातली. उपाय योग्य होता, पण तो वेगाचा झाला, विवेकाचा नव्हे. एकमेकांशीं जोडलेलीं माणसें आणि एकमेकांना जबाबदार असलेलीं माणसें यांतील अंतर त्या दिवशीं राईनपाड्यास दिसलें.

मग जमावाचा समाज होतो तरी कशानें? याचें एक उत्तर नभोवाणीच्याच इतिहासांत सांपडतें. कॅनडांत १९४१ सालीं शेतकऱ्यांसाठीं नभोवाणी-मंडळें निघालीं. त्याच धर्तीवर १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें महाराष्ट्रांतील सुमारें दीडशें गांवांत प्रयोग केला. आठवड्यांतून दोनदां पंधरा-वीस ग्रामस्थ एका ठिकाणीं जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. उत्तरें पुढील कार्यक्रमांतून येत. उत्तर यावयास तेव्हां दिवस लागत. तरीही तें मंडळ समाज होतें. कारण ऐकणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत ऐकत, आणि विहीर उपसावयाची असें ठरलें तर सकाळीं कुदळ घेऊन कोण आलें नाहीं, हें सर्वांना दिसे. व्हॉट्सॲपच्या ग्रूपांत पूर्वीं शंभर माणसें मावत, २०१६ पासून २५६, आणि २०२२ च्या अखेरीस १०२४. संख्या दहापट झाली म्हणून समाज दहापट झाला असें नाहीं. जो ग्रूप महिन्यांतून एकदां कोणाच्या तरी शेतावर प्रत्यक्ष जमतो, जेथें खोटी बातमी देणाऱ्याला नांवानिशीं जाब विचारला जातो, आणि जेथें बियाणें, मालमोटार किंवा विक्री यांपैकीं एखादें तरी काम मिळून होतें, तोच टिकतो. बाकीचे सुप्रभाताच्या चित्रांनीं भरून जातात.

आणि जे या चावडीवर येऊंच शकत नाहींत, त्यांचें काय? सातपुड्यांतील कितीतरी पाड्यांवर फोनची रेंज धड मिळत नाहीं. ती शोधीत टेकडी चढावी लागते. उन्हाळ्यांत तेथील आदिवासी स्त्रिया कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हांत वाळवितात आणि त्याचा आमचूर धडगांव-मोलगीच्या बाजारांत विकतात. दूरच्या पेठेंतील भाव व्यापाऱ्याच्या फोनवर असतो, तिच्या हातीं तराजूचें दुसरें पारडें असतें. घरांत फोन असला तरी तो बहुधा पुरुषाच्या खिशांत. मैदानांतील बागाईतदाराला जें साधन बळ देतें, तेंच डोंगरांतील बाईला तुलनेनें अधिक दुबळें करतें. कारण आतां तिच्याखेरीज सर्वांना सर्व ठाऊक असतें. नव्या साधनाची खरी परीक्षा तें कोणाला वगळतें यावरून करावी.

शेवटीं आपल्यासारख्या शहरांतील कुटुंबांविषयीं दोन शब्द. २०२० च्या टाळेबंदींत अनेक गृहसंस्थांनीं व्हॉट्सॲपवरून थेट शेतकऱ्यांकडून भाजी-फळें घेतलीं. बाजार पूर्ववत् उघडले आणि त्यांपैकीं पुष्कळ ग्रूप ओस पडले. ज्यानें आपल्या भरंवशावर गाडी घेतली होती, त्याची गाडी मात्र राहिली. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण मानांकनाचा कागद डाळ विकीत नाहीं, दरवर्षीं मागणी करणारें घर विकतें. आठ दिवस आधीं नक्की मागणी द्यावी, माल वाईट निघाल्यास स्पष्ट सांगावें, चांगला निघाल्यास पैसे त्याच दिवशीं पाठवावे आणि पुढच्या हंगामांत त्याच माणसाकडे पुन्हां जावें, इतकें केलें तरी आपण गिऱ्हाईक न राहतां त्या चावडीचे सभासद होतों. फोन दोघांच्याही खिशांत आहेच.